व्हिडिओतल्या बाईंना मी दिसत नाही

भाच्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, आंबेगावात. दोन वर्षांपूर्वीचा वैशाख. सत्यनारायणाचे पाचही अध्याय मी मांडी घालून ऐकले, मधूनमधून मेहुण्याशी कुजबुजत. आरतीला सगळे उठले आणि मी राहिलो. म्हणजे उठायला लागलो होतो. उजवा हात टेकला, डावा गुडघा वर घेतला, आणि पुढचं काही होईना. टाळ वाजायला लागले, टाळ्या सुरू झाल्या, आणि मी आपला चतुष्पाद अवस्थेत. शेवटी दोन भाच्यांनी काखेत हात घालून उभं केलं. "मामा, आधी सांगायचं ना, खुर्ची दिली असती." पंगतीच्या वेळी तर कुणी विचारलंच नाही. ज्येष्ठांसाठी दोन टेबलं मांडली होती, तिकडे मला नेऊन बसवलं. शेजारी हिची ८२ वर्षांची आत्या. ती म्हणाली, "बरं झालं बाई, सोबत झाली."

मी तेव्हा ६१ वर्षांचा होतो.

थोडी ओळख करून देतो. औंधच्या आयटीआयमधून फिटर झालो आणि भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला ३३ वर्षं काढली. (सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ते साताऱ्याकडच्या औंधचे. आमचं औंध बाणेरच्या शेजारचं. लोक गल्लत करतात.) कारखान्यात दिवसभर मशीनखाली शिरायचं, उकिडवं बसायचं, शिडी चढायची. व्यायाम म्हणून काही वेगळं करायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. रिटायर झालो आणि सगळं एकदम थांबलं. उरली ती सकाळची तळजाई. पुण्यात रिटायर माणसाचा व्यायाम म्हणजे टेकडी, आणि टेकडी म्हणजे निम्मा वेळ चालणं, निम्मा वेळ बाकावर बसून देश चालवणं.

लेक बंगळुरूला असते. वास्तुशांतीची हकिगत हिने तिला फोनवर सांगितली, हसत हसत. लेक काही हसली नाही. रात्री तिने एक लिंक पाठवली. ब्राझीलमध्ये क्लाउडिओ अराउजो नावाचे डॉक्टर आहेत, त्यांची चाचणी. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, होईल तितकं आधाराशिवाय. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात, गुडघा, कोपर, जे टेकाल त्याचा १ गुण कापायचा. नुसता तोल गेला तर अर्धा. २०१२ साली त्यांच्या गटाने ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांचा अभ्यास छापला. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण जास्त निघालं. आता जमिनीवरून उठता आलं नाही म्हणून कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. पण मशीनच्या आवाजाचं तसंच असतं. आवाजाने मशीन बंद पडत नाही, आवाज येतोय म्हणजे आत काहीतरी चाललंय. मी हॉलमध्ये सतरंजी टाकून परीक्षा दिली. १० पैकी ४. ही सोफ्यावरून म्हणाली, "साडेतीन. तोल गेलेला मी पाहिला."

आधी जिम लावून बघितली, चौकातलीच. ट्रेनर पोरगा स्वभावाने चांगला होता. "अंकल, टार्गेट काय?" म्हणाला. मी म्हटलं, सत्यनारायणाला उठता आलं पाहिजे. त्याला तो विनोद वाटला. भिंतभर आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी, बाजूला माझ्या लेकीपेक्षा लहान पोरं. महिन्याचे पैसे भरले होते, ९ दिवस गेलो.

मग यूट्यूब. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. आपला हॉल, आपलं बनियन, बघायला कुणी नाही. टीपॉय दिवाणाला लावला की साडेसहा फूट बाय चार फूट जागा निघते. टीव्हीवर अमेरिकेतला एक पोरगा होता. २० मिनिटं, साहित्य काही नको, वजन भराभर उतरणार. तो उड्या मारत होता, मीही मारल्या. चौथ्या दिवशी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी. "भाऊजी, वर काही पडलं का? आमचा पंखा हलतोय." मी म्हटलं, "नाही वहिनी, व्यायाम." त्यांनी मला बनियनसकट एकदा खालीवर बघितलं आणि म्हणाल्या, "या वयात?"

सहाव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या लहानपणी पळत चढायचो आम्ही. आता घराचा जिना उतरताना कठडा धरून एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. पाय टीपॉयवर ठेवून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात आपोआप त्या पोराचा पुढचा व्हिडिओ सुरू झाला. माझ्याकडे बोट रोखून तो म्हणाला, "यू आर डूइंग ग्रेट!" आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याला मी दिसतच नाहीये. कुणी बघत नाही या सुखासाठी घरी व्यायाम सुरू केला, आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

माझं लहानपण गंज पेठेतलं. पेठ तालमीची. जोतीराव फुले ज्यांच्याकडे दांडपट्टा शिकले त्या लहुजी वस्तादांची तालीम तिथलीच. मी पाचवी ते आठवी जवळच्याच एका तालमीत जायचो. पोरं ओळीने बैठका मारायची आणि वस्ताद मधून फिरायचे, हातात वेताची छडी. मारायला नव्हती ती. कुणाचा गुडघा आत यायला लागला की छडीचं टोक गुडघ्याला आतल्या बाजूने टेकायचं, बस. गुडघा आपोआप बाहेर जायचा. तोंडाने मोजणं चालूच, "एक्केचाळीस... बेचाळीस..." तीसेक पोरांत कोण चुकतोय हे त्यांना पाठमोऱ्यांचंही कळायचं. व्हिडिओत सगळं असतं, गाणं असतं, घड्याळ असतं, घामही असतो. छडी तेवढी नसते.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "झीज आहे, वयाच्या मानाने ठीक. फिजिओकडे जा." मी 'झीज' हा शब्द घेऊन घरी आलो. ३३ वर्षं झीजच बघितलीय. बेअरिंग झिजलं की जितकं कमी फिरवाल तितकं जास्त टिकेल, साधा हिशोब. म्हणून तीन आठवडे गुडघा जपला. जपून जपून तो आखडला. हिच्या शिवणाच्या टेपने मांडी मोजली, तर उजवी डावीपेक्षा दीड सेंटीमीटर बारीक.

मग गेलो फिजिओकडे. मॅडम तिशीच्या असतील. त्यांना माझा बेअरिंगचा सिद्धांत सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "काका, बेअरिंगला ग्रीस बाहेरून भरता ना? इथं ग्रीस आतच तयार होतं. पण मशीन चाललं तरच ते पोचतं." सांध्यातल्या कूर्चेला म्हणे स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते आत शिरतं दाब पडला-सुटला, पडला-सुटला की, स्पंजसारखं. म्हणजे मी तीन आठवडे गुडघा जपत नव्हतो, उपाशी ठेवत होतो. बेअरिंग फिरलं की झिजतं, गुडघा फिरला की जेवतो. याचा अर्थ उड्या माराव्यात असा नाही. जेवणं वेगळं, कोंबणं वेगळं.

त्यांनी दिलेला पहिला व्यायाम ऐकून मला वाटलं, चेष्टा करतायत. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. झालं. मग त्यांनी माझ्या मांडीवर, वाटीच्या जरा वर आतल्या बाजूला, दोन बोटं ठेवली आणि आधी डाव्या पायाने करायला सांगितलं. बोटांखाली टणक गोळा आला. उजव्या पायाने केलं. मी दातओठ खाऊन दाबतोय, आणि बोटांखाली सैल मळलेल्या कणकेसारखं काहीतरी नुसतं थरथरतंय. "बघा, ऑर्डरच पोचत नाहीये," त्या म्हणाल्या. सांधा सुजला की भोवतीच्या स्नायूला जाणारा हुकूम शरीर स्वतःच दाबून टाकतं. माझ्या भाषेत, मोटर चांगली आहे, पण तिला वीज जोडणारा स्विच, कॉन्टॅक्टर, ओढत नाही. "आता घरी स्वतःची बोटं ठेवून करायचं. बोटांना कळलं तर झालं, नाहीतर नाही झालं."

दिवसातून तीन वेळा बसलो दिवाणावर बोटं लावून. पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी उजवा गोळा आला. लिंबाएवढा, पण आला. मी हाक मारली, "अगं, इकडे ये, हात लावून बघ." हिचे हात कणकेत. कोपरानेच दाबून बघितलं. "लागलाय," म्हणाली, आणि पोळ्या करायला गेली.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. मला रक्तदाबाची गोळी आहे. जोर लावताना माणूस श्वास कोंडतो आणि दाब एकदम चढतो. त्यावर उपाय म्हणजे मोठ्याने मोजायचं. मोजणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. (वस्ताद पोरांकडूनही मोजून घ्यायचे ते उगाच नव्हे.) दुसरी, दुखण्याची. करताना थोडं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं किंवा सूज आली तर काल जास्त झालं, आज कमी करा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर मोजणं बंद आणि सरळ डॉक्टर. एवढं पुरे झालं मला. मी त्यांच्याकडे तीनदाच गेलो. तिसऱ्यांदा त्यांनीच सांगितलं, आता व्हिडिओ बघून घरी करा, पण महिन्याने स्वतःचा व्हिडिओ काढून मला दाखवा.

मग व्हिडिओ निवडायला बसलो, आणि यावेळी स्पेअर पार्ट निवडतात तसं. 'सात दिवसांत गुडघेदुखी गायब' म्हणणारे पहिल्या झटक्यात बाद. बाई किंवा बुवा पंचविशीचे असतील तर बाद, कारण त्यांना खुर्चीवरून उठायला काय लागतं ते ठाऊकच नसतं. 'हे कुणी करू नये' ते सुरुवातीलाच सांगतो आणि प्रत्येक हालचालीचा सोपा प्रकार शेजारी करून दाखवतो, तो माझा मास्तर. वेग पाऊण करायची सोय असते, ती वापरतो. मास्तर जरा प्यायल्यासारखा बोलतो, पण हालचाल नीट कळते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची, फुकट पानं आहेत. खुर्चीत बसून करायचे, ताकदीचे, तोल सांभाळायचे, अंग मोकळं करायचे असे वेगवेगळे व्यायाम. दिसायला रटाळ, एकही उडी नाही. मला आवडतात. लेकीने न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला कार्यक्रम शोधून दिला. घोट्याला वजन बांधून पायांचे व्यायाम, तोलाचे व्यायाम आणि चालणं, सगळं घरच्या घरी. म्हाताऱ्या माणसांचं पडणं त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं होतं. मी म्हटलं, मी अजून पडायच्या वयाचा नाही. ही म्हणाली, "मग सत्यनारायणाला काय झालं होतं?"

घोट्याची वजनं हिनेच शिवली, माझ्या जुन्या जीन्सच्या पायातून. वाळू मी चाळली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा-अर्धा किलो तोलली. त्या काट्यावर वाळू ठेवल्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

एका ॲपचंही सांगून टाकतो. सात दिवस फुकट म्हणून घेतलं, आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले गेले. चूक माझीही, बारीक अक्षरं वाचली नाहीत. पैसे गेले ते गेले. पण यूपीआयमध्ये ऑटोपे म्हणून एक जागा असते, तिथं जाऊन तो हुकूम रद्द करता येतो. ज्यांनी असं काही घेतलंय त्यांनी आजच बघा.

तर स्वतःचा व्हिडिओ. हत्यारांच्या पेटीत ओळंबा होता. तो बाल्कनीच्या दारातल्या कपड्यांच्या दांडीला टांगला, बरोबर माझ्या पायाच्या अंगठ्यासमोर. कुठंतरी वाचलं होतं की बैठक मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. म्हणजे ओळंब्याला गुडघा लागला की नापास. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून गुडघ्याच्या उंचीवर ठेवला आणि खुर्चीवर बसून-उठून दहा बैठका काढल्या. गुडघा एकदाही लागला नाही. खूश झालो.

मग व्हिडिओ बघितला. स्वतःचा आवाज पहिल्यांदा टेपवर ऐकल्यावर वाटतं ना, तसं झालं. हा माणूस कोण? पाठीला कमान, मान कासवासारखी पुढे, आणि खुर्चीत बसताना शेवटचे चार इंच तो बसतच नाही, पडतो. धप्. दहाही वेळा धप्. मला करताना एकदाही कळलं नव्हतं. आतून सगळं सरळच वाटतं.

मॅडमनी व्हिडिओ बघितला आणि आधी त्यांना हसू आवरेना. "काका, तो दोरा काय आहे?" म्हटलं ओळंबा. "काढा तो तिथून." गुडघा बोटांच्या थोडा पुढे जातो त्यात काही पाप नाही. जिना उतरताना जातोच. हट्टाने अडवला की माणूस कंबरेत वाकतो आणि सगळा भार पाठीवर येतो. बघायचं ते समोरून. गुडघा पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत चालतोय की आत येतोय? म्हणजे ओळंबा बरोबर होता, टांगला चुकीच्या ठिकाणी होता. वस्तादांची छडी जिथं टेकायची, नेमकी तीच जागा. आणि ते शेवटचे चार इंच. खाली जाताना तीन मोजत जायचं, खुर्चीला कळता कामा नये की कुणी बसलं.

समोरून काढलेल्या व्हिडिओत आणखी एक सापडलं. खोल गेलो की उजवी टाच उचलली जात होती. कारखान्यात कधीतरी तो घोटा मोडला होता, प्लास्टर होतं, तेव्हापासून तो पूर्ण वाकतच नाही. मॅडम म्हणाल्या, टाचेखाली काहीतरी द्या. त्यांना वाटलं मला समजावून सांगावं लागेल. अहो, मशीनचा एक पाय टेकत नसेल तर फिटर काय करतो? शिम टाकतो, म्हणजे खाली पातळ पट्टी सरकवतो. घरी येऊन १२ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा कापला, कडा घासल्या, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं म्हणजे सरकायला नको. टाच बसली. इतकी वर्षं लोकांची मशीनं लेव्हल केली आणि स्वतःच्या टाचेखाली पट्टी घालायला ६२ वर्षं लागली.

ही माझ्यापेक्षा शहाणी. ती व्हिडिओ लावत नाही, समोरासमोरच्या ऑनलाइन वर्गाला बसते. लॉकडाऊनमध्ये तिचा योगवर्ग फोनवर आला तो तिने तसाच चालू ठेवला, आठवड्यातून दोनदा. अय्यंगार पद्धतीचा. बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी १९७५ साली शिवाजीनगरला संस्था काढली, तिथून ही खुर्ची, पट्टे, लोड, दोऱ्या घेऊन आसनं करायची रीत सगळीकडे पोचली. ज्याला वाकता येत नाही त्याला आसनापर्यंत ढकलायचं नाही, खुर्ची लावून आसन त्याच्यापर्यंत आणायचं. हे माझ्या मनाला पटतं, हा शिमचाच थोरला भाऊ. तिच्या बाईंना स्क्रीनवर चौदा चौकोन दिसतात. "डावा खांदा खाली," असं त्या नावानिशी सांगतात. अर्थात बायका फोन असा ठेवतात की बाईंना एका चौकोनात पंखा दिसतो, एकीत नुसतं कपाळ. मी हिला फोनसाठी लाकडी स्टँड करून दिला. आता तिचा खांदा दर वेळी सापडतो.

माझं वेळापत्रक म्हणाल तर सोमवार, बुधवार, शनिवार ताकदीचे. बाकी दिवस टेकडी चालूच आहे. बाकावरच्या मंडळींना मी हेच सांगत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलंय, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचं काम. पासष्टीनंतर तोलाचंही, तीन दिवस. लोक पहिला आकडा ऐकतात आणि 'शिवाय'च्या आधी चहाला उठतात. गुरुवारी आमच्याकडे कधी पाणी नसतं, कधी वीज नसते, कधी दोन्ही नसतं, म्हणून गुरुवारी घामाचं काही ठेवत नाही. व्हिडिओ दोन-तीनच, फोनमध्ये उतरवून ठेवलेले. रोज नवा शोधत बसलो तर व्यायामाची अर्धी वेळ शोधण्यातच जाते, हे अनुभवाने शिकलो. कारखान्यात प्रत्येक मशीनचं हिस्ट्री कार्ड असायचं, तसं एक शंभर पानी वहीत स्वतःचं केलंय. 'उजवा गुडघा: ठीक. टाच: शिम. आवाज: आहे, दुखत नाही.'

तोलाला व्हिडिओ लागतच नाही. सकाळचं दूध मी तापवतो. गॅस लावला की ओट्याला दोन बोटं टेकवून एका पायावर उभा राहतो, निम्म्यात पाय बदलतो. नजर पातेल्यावर. साय थरथरते, कडेला बुडबुडे येतात, मध्ये फुगवटा धरतो, आणि तिथवर पाय खाली टेकायचा नाही. आधी पाच आकडेही निघत नव्हते. आता बोटं उचलूनही थोडा वेळ निभतं. दूध दोनदाच उतू गेलं. वजन म्हणून इंद्रायणीची पाच किलोची पिशवी छातीशी धरून बैठका काढतो. एकदा ही दारात येऊन उभी. "अहो, झालं असेल तर ती पिशवी द्या, कुकर लावायचाय."

परवा सतरंजी टाकून पुन्हा अराउजोंची परीक्षा दिली. नऊ. बसताना आता काही टेकत नाही, उठताना डावा हात अजून जमिनीला जातो. हिने या वेळी तक्रार केली नाही.

आता खालच्या वहिनींचं. मध्यंतरी एकदा त्या परत आल्या. "भाऊजी, हल्ली वरून आवाज येत नाही. बरं आहे ना सगळं?" मी त्यांना टॉवेल, पट्टी, ओळंबा सगळं दाखवलं. त्या खुर्चीत बसल्या आणि निघताना उठायला दोनदा झोका घेतला. मी काही बोललो नाही, पण ते त्यांच्याही लक्षात आलं. वय ७१, राहतात एकट्या. आठवड्याने त्यांच्या डॉक्टरांना विचारून आल्या. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला येतात, साडीचा पदर खोचून. व्हिडिओतल्या बाई इंग्रजीत सांगतात, ही मराठीत सांगते, आणि मी फूटपट्टी हातात धरून बाजूला उभा असतो. गुडघा आत आला की पट्टीचं टोक दाखवायचं. टेकवत नाही, नुसतं दाखवतो.

गेल्या शुक्रवारी आम्ही ३० सेकंदांची खुर्चीची चाचणी घेतली. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेची, सीडीसीची आहे, कागद लेकीने पाठवला होता. सरळ पाठीची, बिनहाताची १७ इंची खुर्ची, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर फुलीसारखे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता ते मोजायचं. हात टेकले तर सरळ शून्य. साठी ते चौसष्टीच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी म्हणजे सरासरीखाली. मी पहिल्यांदा ११ वर अडकलो होतो. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला तोच आकडा १०.

वहिनींचे ९ झाले. दहाव्याला त्या उठत असतानाच फोनची घंटा वाजली. मी वहीत ९ लिहिले.

"दहा," वहिनी म्हणाल्या.

"पूर्ण उभ्या नव्हता राहिलात."

"अर्ध्याच्या वर आले होते. तुमच्या कागदावर काय लिहिलंय बघा."

मी चष्मा लावून बघितलं. लिहिलं होतं. वेळ संपताना माणूस अर्ध्यापेक्षा वर उठलेला असेल तर ते पूर्ण धरायचं. आधीच्या मंगळवारी तो कागद त्या घरी घेऊन गेल्या होत्या, तेव्हा सगळा वाचून काढला असणार. मी ९ खोडून १० केलं. हिला हसू आवरेना.

"आता तुम्ही बसा," वहिनींनी पदर सोडला आणि हात पुढे केला. "आणि फोन इकडे द्या. मोजणार मी."